पराचा कावळा आणि स्कूटरवरची पोरं



इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, किल्ले आणि सनावळ्या आठवतात. आजच्या गप्पांमध्ये त्यातलं काही नाही. आज मी तुम्हाला इंग्लंडमधल्या कामकरी घरांतल्या पोरांची गोष्ट सांगणार आहे. साठ वर्षांपूर्वीची. ही पोरं सणाच्या सुट्टीत समुद्रावर फिरायला गेली. तिथं थोडी मारामारी, थोडी दगडफेक झाली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं आली आणि सगळ्या देशाला वाटायला लागलं, की आता आपलं काही खरं नाही. संसदेत चर्चा झाल्या, कायदे झाले, पोलीस विमानानं पाठवले गेले. पुढं एका अभ्यासकानं शांतपणे बसून हिशोब मांडला, तेव्हा दिसलं की हा पराचा कावळा होता.

तुम्ही म्हणाल, ताई, इंग्लंडच्या पोरांशी आपल्याला काय करायचंय? शेवटपर्यंत ऐका, मग तुम्हीच सांगा.

आधी काळ समजून घेऊ. दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. इंग्लंड जिंकलं, पण घराघरात ओढाताण होती. साखर, लोणी, मांस, सगळं कूपनावर. हे रेशनिंग १९४० साली सुरू झालं आणि पुरतं उठायला १९५४ चा जुलै उजाडला. म्हणजे चौदा वर्षं तिथल्या बाया कूपनं मोजून स्वयंपाक करत होत्या. मधली काही वर्षं तर कपड्यांनाही कूपन होतं. जुना कोट उसवून पोराची विजार शिवायची, मोज्यांना रफू करायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. आपल्या आज्यांनी लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, तसंच समजा.

अशा घरांत युद्धानंतर जी मुलं जन्मली, ती १९६० च्या सुमाराला पंधरा-सोळा वर्षांची झाली. आणि त्यांचं नशीब आईबापांपेक्षा वेगळं निघालं. कारखान्यांना माणसं हवी होती, दुकानांना हवी होती, ऑफिसांना हवी होती. पंधराव्या वर्षी शाळा सोडली की काम मिळायचं. शिवाय अठरा वर्षांच्या मुलाला सक्तीनं सैन्यात जावं लागायचं, ती भरतीही १९६० च्या अखेरीला बंद झाली. म्हणजे आठवड्याचा पगार खिशात, लग्नाला अजून अवकाश, आणि डोक्यावर सुभेदार नाही. घरखर्चाला थोडे पैसे आईच्या हातावर ठेवायचे आणि उरलेले स्वतःचे. कामकरी घरातल्या पोरांच्या हातात असा स्वतःचा पैसा याआधी फारसा कधी खेळला नव्हता.

मग तो पैसा गेला कुठं? कपड्यांत, गाण्यांच्या तबकड्यांत, कॉफीच्या दुकानांत आणि गाड्यांत. गाड्या बहुतेक हप्त्यावर घेतलेल्या. हप्ता म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको.

याच पोरांतून दोन तऱ्हा पुढं आल्या. एकांना म्हणत मॉड, दुसऱ्यांना रॉकर.

मॉड म्हणजे टापटिपीची पोरं. इटालियन पद्धतीचा अंगाबरोबर शिवलेला सूट, बारीक टाय, नीट कापलेले केस. यातले बरेचजण दुकानात, ऑफिसात किंवा कारखान्यात लहानसहान कामं करणारे. दिवसभर कुणाच्या तरी हाताखाली राबायचं, पण संध्याकाळी मात्र साहेबापेक्षा झकास दिसायचं, अशी ईर्षा. त्यांची गाडी म्हणजे इटलीची स्कूटर, वेस्पा नाहीतर लॅम्ब्रेटा. स्कूटरच का? तर स्कूटरचं इंजिन झाकलेलं असतं, कपड्यांना तेल लागत नाही. सूट जपायचा म्हणून वरून सैन्यातल्या जुन्या बाजारातला ढगळा कोट चढवायचे. आणि स्कूटरला पुढं आरसे लावायचे, एकदोन नव्हे, ओळीनं. गाणी ऐकायचे ती अमेरिकेतल्या काळ्या गायकांची, आणि जमैकाहून इंग्लंडला पोट भरायला आलेल्या लोकांची.

रॉकर म्हणजे मोटारसायकलवाले. काळं कातडी जाकीट, जाडजूड बूट, तेल लावून मागं वळवलेले केस. मोठ्या रस्त्यांच्या कडेला ट्रकवाल्यांसाठी जी चहाची हॉटेलं असत, तिथं यांचा अड्डा. यांना वेगाचं वेड. कपडे मळले तरी बेहत्तर. मॉड त्यांना गावंढळ म्हणायचे आणि हे मॉडना बायकी म्हणायचे.

इथं एक गंमत सांगते. वेस्पा आणि लॅम्ब्रेटा ही नावं आपल्या महाराष्ट्राला परकी नाहीत. त्याच काळात मुंबईत लॅम्ब्रेटा जोडून तयार होत होत्या, आणि पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात वेस्पाच्या परवान्यावर स्कूटर निघू लागल्या होत्या. आपल्याकडं ती स्कूटर कुणी चालवली? शिक्षकांनी, कारकुनांनी. पुढं पोरगं उभं, मागं बायको आडवी बसलेली, मधे पिशवी. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि आली की हार घालून पूजा करायची. आपल्याकडं जी गाडी संसाराची खूण झाली, तीच गाडी तिकडं गुंडगिरीची खूण ठरली. लोखंड तेच, इंजिन तेच. फरक पडला तो तिच्याभोवती सांगितल्या गेलेल्या गोष्टीमुळं.

आता त्या गोष्टीकडं येऊ.

१९६४ साल. मार्चचा शेवट, ईस्टरचा सण. लंडनच्या पूर्वेला समुद्रकाठी क्लॅक्टन नावाचं गाव आहे. लंडनच्या गरीब वस्त्यांतली पोरं सुट्टीला तिथं जायची, ही जुनी रीत. गाव लहान, तरुणांसाठी करमणूक फार नाही. त्या वर्षी हवा भयंकर होती. इतका गार आणि ओला ईस्टर कित्येक वर्षांत झाला नव्हता. गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानदार चिडलेले. पोरं कंटाळलेली. त्यातच बातमी पसरली, की काही हॉटेलवाले पोरांना आत घेत नाहीत, चहासुद्धा देत नाहीत.

मग जे व्हायचं ते झालं. टोळक्यांची ढकलाढकली झाली, दगड भिरकावले गेले. काहींनी स्कूटर आणि मोटारसायकली रस्त्यावरून वरखाली पळवल्या. खिडक्या फुटल्या, किनाऱ्यावरच्या काही लाकडी खोल्या मोडल्या. एका पोरानं शर्यतीच्या सुरुवातीला वाजवतात तसलं पिस्तूल हवेत उडवलं. पोलिसांची संख्या अपुरी होती, ते गोंधळले. एकूण सत्त्याण्णव जणांना धरलं.

मी असं म्हणत नाही की पोरं धुतल्या तांदळासारखी होती. ज्या बाईच्या दुकानाची काच फुटली तिचं नुकसान खरंच झालं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना धडकी भरली असेल, तेही खरंच. पण नुकसान एकूण किती झालं? सगळं मिळून सुमारे ५१३ पौंड. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सोमवारची वर्तमानपत्रं आली. जवळजवळ प्रत्येक मोठ्या पत्राच्या पहिल्या पानावर क्लॅक्टन. मथळ्यांत शब्द कसले, तर दहशतीचा दिवस, रानटी पोरांची स्वारी, गावाला मारहाण. आतल्या मजकुरात दंगल, लढाई, वेढा, विध्वंस. जणू शत्रूचं सैन्य किनाऱ्यावर उतरलंय. आणि वाचणारे कोण? ज्यांनी वीस वर्षांपूर्वी खरीखुरी बॉम्बफेक सोसली होती, अशी माणसं. त्यांच्या काळजात ते शब्द कसे रुतले असतील, बघा.

आणखी एक गोष्ट झाली. त्या दिवशी क्लॅक्टनला भांडली ती पोरं मॉड आणि रॉकर अशा दोन सेना करून भांडली नव्हती. तंटा जास्त करून लंडनची पोरं आणि आजूबाजूची पोरं असा होता. बरीच पोरं गाडीवर आलेलीही नव्हती. कुणी आगगाडीनं, कुणी बसनं, कुणी रस्त्यात हात दाखवून. स्कूटर आणि मोटारसायकलवाले त्यात थोडे होते. पण वर्तमानपत्राला दोन पक्ष लागतात, दोन नावं लागतात, दोन पोशाख लागतात. ते मिळाले. पुढच्या काही आठवड्यांत देशभर कुठंही पोरांची भांडणं झाली, की ती मॉड आणि रॉकर यांची झाली. आपल्याकडं म्हणतात ना, एकदा नाव पडलं कानफाट्या, की पडलं.

हे सगळं एक तरुण विद्यार्थी बघत होता. त्याचं नाव स्टॅन्ली कोहेन. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, क्लॅक्टनच्या आदल्या वर्षी लंडनला आलेला. इंग्लंड त्याला नवं, म्हणून डोळे उघडे. त्यानं ठरवलं, की पोरं अशी का वागतात हे सगळे विचारतायत, तर आपण दुसरं विचारू. या पोरांबद्दल बाकीचा समाज असा का वागतोय? मग तो किनाऱ्यावर गेला, कोर्टात बसला, बघ्यांशी बोलला, वर्तमानपत्रांची कात्रणं जमवली. १९७२ साली त्याचं पुस्तक आलं. समाज जेव्हा एखाद्या गटाला धरून बागुलबुवा बनवतो आणि मग त्याच बागुलबुवाला घाबरून थरथरतो, त्या घबराटीला त्यानं मॉरल पॅनिक म्हटलं. मराठीत आपण नैतिक घबराट म्हणू. जगभरच्या विद्यापीठांत आज हा शब्द शिकवतात.

कोहेननं काय केलं, तर आपण गटाच्या सभेत जे करतो तेच. वही उघडली आणि ताळा घेतला. एका बाजूला बातमी, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष घडलेलं. त्याला काय काय सापडलं ते ऐका.

पहिलं म्हणजे एकाचे अनेक करणं. किनाऱ्यावर एक होडी उलटली असेल, तर बातमीत येई, होड्या उलटवल्या. किती, ते नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सगळा किनारा उलथापालथा. आपल्याकडं बघा, एका ताईचा एक हप्ता थकतो, आणि चर्चा होते की या गटातल्या बाया हप्ते भरत नाहीत. एका अक्षराचा फरक. ‘ध’चा ‘मा’ करायला एकच अक्षर लागलं होतं, हे मराठी माणसाला सांगायला नको.

दुसरं म्हणजे एकच घटना दोनदा येणं. सकाळच्या पत्रात एक भांडण एका तऱ्हेनं सांगितलेलं, संध्याकाळच्या पत्रात तेच भांडण दुसऱ्या तऱ्हेनं. वाचणाऱ्याला वाटे, दोन भांडणं झाली.

तिसरं म्हणजे मथळा आणि मजकूर यांची फारकत. वर मोठ्या अक्षरांत हिंसा, आणि खाली वाचावं तर हिंसा झालीच नाही असं लिहिलेलं. पण मथळा वाचून पान उलटणारे किती असतात?

चौथं उदाहरण तर ऐकण्यासारखं आहे. मे महिन्यात आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एका पत्रानं समुद्रकाठच्या दहशतीच्या मथळ्यातच एका मॉडचं छिन्नविच्छिन्न प्रेत सापडल्याचं छापलं. खरी हकिगत काय? बर्मिंगहॅमच्या एका बागेत एका तरुणाचा भोसकून खून झाला होता. बर्मिंगहॅम समुद्रापासून कितीतरी आत, देशाच्या मधोमध. खून झाला तोही किनाऱ्यावरच्या गोंधळाच्या आधी. मग तो या बातमीत शिरला कसा? तर त्या बिचाऱ्याच्या अंगात मॉड तऱ्हेचं जाकीट होतं. एवढाच पुरावा. एक माणूस जिवानिशी गेला आणि त्याचं मरण दुसऱ्याच गोष्टीला जोडून मोकळे झाले.

आणि पाचवं, चेकचं. मे महिन्यातल्या व्हिटसनच्या सुट्टीत मारगेट, ब्रायटन आणि बोर्नमथ या गावांत पुन्हा गोंधळ झाला. मारगेटच्या कोर्टात सतरा वर्षांच्या एका पोराला ७५ पौंड दंड झाला. तो म्हणाला, मी चेकनं भरतो. झालं! सगळ्या पत्रांनी ते उचललं. बघा बघा, या माजलेल्या पोरांकडं चेकबुकं आहेत, बापाचा पैसा उडवतायत. पुढं कळलं, की त्या पोराचं बँकेत खातंच नव्हतं. आयुष्यात त्यानं चेक लिहिला नव्हता. सगळ्यांसमोर मान खाली घालायला लागू नये म्हणून मारलेली ती फुशारकी होती. मारगेटला शिक्षा झालेल्या पोरांची दोन अभ्यासकांनी चौकशी केली, तेव्हा त्यांची सरासरी कमाई निघाली आठवड्याला ११ पौंड. म्हणजे ७५ पौंड दंड हा जवळजवळ सात आठवड्यांचा पगार. श्रीमंतांची लाडावलेली पोरं म्हणून ज्यांना रंगवलं, ती हातानं काम करून पोट भरणारी पोरं होती.

त्याच मारगेटच्या कोर्टात डॉक्टर जॉर्ज सिम्प्सन म्हणून मॅजिस्ट्रेट होते. त्यांनी पोरांना झापताना उंदरांची उपमा दिली आणि हे टोळीनंच शूर होणारे भुशाचे सीझर आहेत असं सुनावलं. सीझर म्हणजे रोमचा बादशहा. भुसा भरलेला बादशहा, अशी ती शिवी. पत्रांना तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते शब्द देशभर झाले. समोर उभ्या असलेल्या एकेका पोराचा गुन्हा काय, हे मागं पडलं. निवाडा झाला तो मथळ्यांतल्या बागुलबुवाचा.

आता बघा, बातमी नुसती सांगून थांबत नाही. ती पुढचं घडवते. ईस्टरला एवढं झालं, आता पुढच्या सुट्टीला काय होणार, असं पत्रं लिहू लागली. ते वाचून जास्त पोलीस आले. पोलीस आणि पोरं येणार म्हणून फोटोवाले आणि टीव्हीवाले आले. ते येणार म्हणून बघे आले. एवढी गर्दी जमणार म्हणून ज्या पोरांचा काही संबंध नव्हता तीही तमाशा बघायला आली. आणि एवढी माणसं एका किनाऱ्यावर एकमेकांकडं टक लावून उभी राहिली, की ठिणगी पडायला किती वेळ? जास्त पोलीस म्हणून अटका जास्त. अटका जास्त म्हणून बातमी मोठी. ऑगस्टच्या सुट्टीत तर हेस्टिंग्जला लंडनहून विमानानं पोलीस नेले. जत्रेत पळापळ व्हावी आणि कुणी विचारू नये की पहिला कोण पळाला, तशी गत.

याची झळ कुणाला लागली? किरकोळ गुन्ह्यांसाठी पोरांना जामीन नाकारून कोठडीत ठेवलं गेलं. काहींना तर काहीही न करता, केवळ पोशाखावरून, स्टेशनवरूनच उलट्या गाडीत बसवून परत पाठवलं. सुक्याबरोबर ओलंही जळालं. ज्या आईनं पोराला चार पैसे देऊन समुद्रावर पाठवलं असेल, तिला शेजारीण काय म्हणाली असेल, याचा विचार तुम्ही करू शकता. तो विचार कुठल्या मथळ्यात आला नाही.

संसदेत चर्चा झाली. गृहमंत्री हेन्री ब्रूक यांच्या काळात १९६४ सालीच नुकसानभरपाईबद्दल मॅजिस्ट्रेटचे अधिकार वाढवणारा कायदा झाला. त्याच वर्षी गोळ्यांचाही कायदा झाला. ही गोळ्यांची भानगड आपण बायांनी नीट समजून घेण्यासारखी आहे.

मॉड पोरं शनिवारी रात्रभर नाचायची. जाग राहावी म्हणून ॲम्फेटामिनच्या गोळ्या खायची. वाईटच होतं ते, शरीराची वाट लावणारं. पण या गोळ्या आल्या कुठून? त्यातली सगळ्यात गाजलेली निळसर गोळी डॉक्टर राजरोस लिहून देत होते. कुणाला? घरात राबून खंगलेल्या, उदास झालेल्या, वजन कमी करायचं म्हणणाऱ्या बायांना. दिवसभर धुणी, भांडी, पोरं, आणि मन लागत नाही म्हणून गेली डॉक्टरकडं, की मिळाली गोळी. असं वर्षानुवर्षं चाललं. आईच्या कपाटात ती गोळी होती तोवर ते औषध होतं. पोराच्या खिशात सापडली, तेव्हा तो देशावरचा धोका झाला. विनापरवाना बाळगणं गुन्हा ठरलं. कायदा नको होता असं मी म्हणत नाही. पण त्या बायांना इतक्या गोळ्या का लागत होत्या, हा प्रश्न पहिल्या पानावर यायला हवा होता. तो आला नाही, कारण बाईनं स्वयंपाकघरात निमूट गोळी गिळली तर कुणाची काच फुटत नाही.

बायांचा विषय निघालाच आहे, तर विचारू या, की या सगळ्या गोष्टीत पोरी कुठं होत्या? फोटोत असल्या तर स्कूटरच्या मागच्या सीटवर. बातमीत तेवढ्यासुद्धा नाहीत. खुद्द कोहेनच्या पुस्तकातही मुली फारशा सापडत नाहीत. पण मॉडांमध्ये मुली भरपूर होत्या. दुकानांत, टायपिंगच्या खोल्यांत काम करणाऱ्या. केस आखूड कापलेले, साधे सरळ झगे, पायांत सपाट चपला. मेरी क्वांट नावाच्या बाईनं १९५५ साली लंडनमध्ये आपलं कपड्यांचं दुकान काढलं होतं. पळता येईल, बस पकडता येईल असे आखूड, सुटसुटीत कपडे तिनं आणले आणि पोरींनी ते डोक्यावर घेतले. ज्यांना दुकानात परवडायचे नाहीत त्या घरी शिवायच्या. १९६३ साली टीव्हीवर दर शुक्रवारी संध्याकाळी गाण्यांचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात कॅथी मॅकगोवन नावाची मुलगी बोलायची. मासिकाच्या ऑफिसात नोकरी करणारी, बोलताना अडखळणारी, अगदी शेजारच्या पोरीसारखी. तिनं शुक्रवारी जे घातलं ते पोरी शनिवारी शोधत फिरायच्या.

१९७६ साली अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर या दोघींनी हाच प्रश्न छापून विचारला. तुम्ही तरुणांचा अभ्यास करता म्हणता, मग तरुण म्हणजे फक्त पोरगेच का? त्यांनी दाखवून दिलं, की पोरींना पगार कमी, रात्री बाहेर राहायची मोकळीक कमी, घरकाम जास्त. म्हणून पोरींची मजा रस्त्यावर कमी आणि मैत्रिणीच्या खोलीत जास्त व्हायची. गाणी ऐकायची, केस करायचे, पोटभर बोलायचं. ती कॅमेऱ्याला दिसली नाही, म्हणून ती नव्हतीच असं ठरलं. बातमी जे फुगवते त्याबद्दल आपण बोललो. बातमी जे गाळते, तेही तितकंच मोठं असतं.

शेवटी काय झालं? दोन-तीन वर्षांत हे सगळं विरलं. पोरं मोठी झाली, लग्नं झाली, स्कूटरी विकल्या. वर्तमानपत्रांना नवे बागुलबुवा मिळाले. आधीही होतेच. १९५० च्या दशकात लांब कोट घालणाऱ्या टेडी बॉईज पोरांवर हेच बालंट आलं होतं. नंतर डोक्याचे केस कापणाऱ्यांवर आलं, मग लांब केस वाढवणाऱ्यांवर. आणि काळाची गंमत बघा. १९७९ साली ब्रायटनच्या त्याच मारामारीवर एक सिनेमा निघाला, क्वाड्रोफेनिया नावाचा. तो बघून लोक आता हौसेनं ब्रायटनला जातात आणि फोटो काढतात. जुनी आरसेवाली स्कूटर आज हजारो पौंडांना जाते. जे एकदा दहशत म्हणून विकलं, तेच पुढं आठवण म्हणून विकलं. आणि दोन्ही वेळा त्या पोरांना कुणी विचारलं नाही, की बाबा, खरं काय झालं होतं?

आता तो ५१३ पौंडांचा आकडा आठवा. क्लॅक्टनचं सगळं नुकसान तेवढं होतं. मारगेटला ज्या पोराला ७५ पौंड दंड झाला, तसल्या सात पोरांच्या दंडात ते फिटलं असतं. काचा बसल्या, लाकडी खोल्या दुरुस्त झाल्या. पण एका पिढीबद्दल जो अविश्वास पेरला गेला, त्याची भरपाई कुठल्या मॅजिस्ट्रेटनं ठरवली नाही.

मैत्रिणींनो, कोहेननं आणखी एक गोष्ट नोंदवली आहे आणि मला ती फार आवडते. त्यानं साध्या माणसांना विचारलं, तेव्हा बऱ्याच जणांचं मत वर्तमानपत्रांइतकं टोकाचं नव्हतं. लोक पत्रं वाचत होते, पण सगळं गिळत नव्हते. पोरं आहेत, चुकली, शिक्षा करा, पण देश बुडाला म्हणू नका, असं म्हणणारी माणसं तेव्हाही होती. म्हणजे साध्या माणसाच्या डोक्यातला ताळेबंद शाबूत असतो. फक्त तो मांडायला कुणी विचारावं लागतं.

आपण दर महिन्याला गटाची वही लिहितो. त्यात आपण असं लिहितो का, की पैसे बुडाले, बाया पळाल्या? नाही. आपण लिहितो, अमुक सभासदाचे दोन हप्ते थकीत, कारण आजारपण, पुढच्या महिन्यात भरणार. नाव, आकडा, कारण. गावातल्या कुठल्याही पोराबद्दल, पोरीबद्दल, वस्तीबद्दल काही कानावर आलं, मोबाईलवर आलं, तर तीच वही मनात उघडा. किती जण होते? कुणी डोळ्यांनी पाहिलं? नक्की कुठं आणि कधी? नुकसान किती? ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला कुणी विचारलं का? आणि यात कोण दिसत नाही? एवढी उत्तरं मिळेपर्यंत तो मेसेज पुढं ढकलू नका. एवढंच केलंत, तरी तुमच्या उंबऱ्यावर तो कावळा पुन्हा नुसता पर होऊन पडेल.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू, इतिहासातलीच दुसरी एखादी गोष्ट घेऊन. तोवर सभा वेळेवर घ्या, वही पुरी ठेवा.